अंजनाबाईंचे तीन तावीज

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "रक्तवाले, यंदाच्या दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. पण खरं लिहा."

तो 'पण' मला लागला. उभी हयात मी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोकांच्या दंडाला रबर बांधण्यात घालवली. मी काढलेलं रक्त एका जागी साठवलं असतं, तर नळगंगेचं धरण भरून सांडव्यावरून वाहिलं असतं. संपादक म्हणाले, निम्मं करा. बरं, निम्मं धरण. याच्याखाली मी येणार नाही.

हात तर माझा इतका हलका, की मोताळ्याच्या एका म्हाताऱ्यानं रक्त देऊन, वरून चहा पिऊन, बिडी ओढून झाल्यावर मला विचारलं होतं, "बाप्पा, सुई कवा लावता मंग?" खेड्यातली पोरं मात्र माझ्या मोटारसायकलचा आवाज ओळखतात आणि कणगीमागं लपतात. त्यांच्या आया त्यांना दटावतात, "जेव बे, नाईतं रक्तवाला येईन!" म्हणजे मी किती घरांत लेकरांना जेवू घातलं, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

बुलढाण्याच्या एसटी स्टँडजवळ माझी छोटी लॅब होती. साखर, हिमोग्लोबिन, मलेरिया, एवढाच कारभार. ती आता भाच्याकडं दिली. पुढं मोठ्या शहरातल्या एका लॅबचे नमुने गोळा करून पाठवायचं काम मिळालं, आणि त्यातच शेवटची काही वर्षं एक नवी तपासणी आली. तिच्याबद्दल सांगायचं आहे, म्हणून आधी ती समजून घ्या. घाबरू नका, मी डॉक्टर नाही, त्यामुळं समजेल असं सांगतो.

गरोदर बाईच्या रक्तात तिच्या बाळाचंही काही तरी वाहत असतं. शरीर कसं बांधायचं याचा एक नकाशा पेशीपेशीत असतो. त्या नकाशाच्या बारीक चिंध्या रक्तात तरंगतात. बहुतेक आईच्या, थोड्याशा बाळाच्या. गव्हाच्या पोत्यात मूठभर ज्वारी मिसळावी तसं म्हणालो असतो, पण ज्वारी डोळ्यांना दिसते. इथं गव्हातून गहूच निवडायचा असतो, फक्त दुसऱ्या शेतातला. ते काम लॅबमधली यंत्रं करतात. आईच्या दंडातून दोन नळ्या रक्त काढायचं, आणि पोटाला सुई न लावता सांगायचं, की घरात जो एक ठरावीक आजार आहे तो या बाळात उतरला असण्याचा धोका कमी आहे की जास्त. कमी किंवा जास्त, एवढंच. जास्त निघाला तर खात्रीसाठी गर्भातलं पाणी सुईनं काढून तपासावंच लागतं.

त्या नळ्यांचे नखरे नव्या सुनेसारखे. गोठवायच्या नाहीत, तापवायच्या नाहीत, जोरात हलवायच्या नाहीत. आतल्या पेशी फुटल्या की आईच्याच चिंध्यांचा पूर येतो आणि बाळ त्यात हरवतं. आमच्याकडं मे महिन्यात गाडीच्या सीटवर पापड भाजता येतो. अशा उन्हात तो डबा मी पोटाशी बांधून घाट उतरायचो. बघणाऱ्याला वाटावं, मीच सातव्या महिन्यात आहे.

आता असं रक्त काढायला गेलं की गावात एकच समज: रक्तवाला पोरगा की पोरगी ते सांगून राह्यला. सिंदखेड राजाकडचा एक पांढऱ्या शर्टाचा माणूस तर पेढ्यांचा पुडा घेऊनच लॅबवर आला. त्याच्या घरात कसलाही आजार नव्हता. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाला, "काका, आपलं एवढं काम करा. तुमाला इसरनार नाही."

मी म्हटलं, "हे विचारणं गुन्हा आहे. विचारणारा आत, सांगणारा आत."

"कोनाला कळतंय हो?"

"आणि या मशीनमध्ये मुलगा-मुलगी येतच नाही. मात्र बापाचं सगळं येतं."

"सगळं म्हंजे?"

"सगळं. तंबाखू, दारू, आणि लग्नाआधीचं काही असेल तर तेही. बायकोच्या देखत रिपोर्ट वाचून दाखवायचा नियम आहे. देता का रक्त?"

तो गेला. पेढे विसरला. ते मी आणि भाच्यानं खाल्ले. चांगले होते.

असे किस्से मी चहाच्या टपरीवर कितीही सांगतो. धामणगाव बढ्याचा मात्र टपरीवर कधी सांगितला नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, "काका, धामणगाव बढ्याला जायचं. वंदना नाव आहे. तिसरा महिना सरतोय, अंगावर जातं म्हणून हलायला मनाई केली आहे. घरी जाऊन रक्त काढा. नवऱ्याचंही काढा. पहिली मुलगी हातापायांच्या आजारानं गेली. पोटाला सुई लावून घ्यायला ती फार भ्याली आहे आणि सध्या मलाही ती लावायची नाही. आधी ही तपासणी करू."

मी राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून धामणगाव बढ्याला पोचलो. घर सापडायला वेळ लागला नाही. पुढं दिनेशचं, म्हणजे वंदनाच्या नवऱ्याचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दारात रांगेनं पडलेल्या, आणि वार्निशचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. दुकानामागं घर. ओट्यावर एक ठसठशीत म्हातारी तूर निवडत बसली होती. ती दिनेशची आई, अंजनाबाई. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तीन तांब्याचे तावीज होते. दोन काळवंडलेले आणि एक नवा, लखलखीत.

"तुम्हीच ते रक्तवाले?"

"हो मावशी."

"किती नेसान?"

"दोन नळ्या."

"बाप्पा! तिच्या अंगात हाय तेवढं तुम्हीच नेसान, त लेकराले काय उरन?"

वंदना आत खाटेवर होती. चोवीस-पंचवीसची असेल. भिंतीवर एका लेकराचा फोटो, लाल झबलं, डोळ्यांत काजळ. काय डोळे होते! मी वाढवून सांगतो हे खरं, पण त्या डोळ्यांत वाढवायला जागाच नव्हती.

सुई लावताना बाईचं लक्ष दुसरीकडं पाहिजे. त्यासाठी माझा राजूर घाटातला बिबट्या ठरलेला. मी रबर बांधलं आणि सुरू केलं, "आत्ता येताना घाटात गाडीला आडवा. एवढा थोरला. मी ब्रेक मारला. तो बसला रस्त्यात. म्हणे, डब्यात काय आहे? मी म्हटलं, रिकाम्या नळ्या. म्हणे, येताना भरलेल्या असतील ना? मग मी थांबतो."

वंदना हसली. तोवर एक नळी भरली होती. "मंग जातांनी काय करसान काका?"

"जाताना त्याचंच काढीन. दोन नळ्या."

तिचं आणि दिनेशचंही रक्त काढून झालं. ती फोटोकडं पाहून म्हणाली, "ते परी. मान धरलीच नाई तिनं. हात उचलता ये ना, पाय हलवता ये ना. पर डोळ्यानं सारं बोले. मी दारातून आली का डोळेच असे फिरवे." थोड्या वेळानं म्हणाली, "शेवटी खोकताच ये ना तिले. एवढसं खोकलली असती तरी वाचली असती."

दिनेश हातातली तार गुंडाळत दारात उभा होता. त्यानं मला विचारलं, "काका, आमी दोघं धडधाकट. मंग तिले कसं झालं? डॉक्टरीणबाईनं सांगतलं, पर माह्या डोक्यात नाई बसलं."

मी म्हटलं, "तुझ्याच धंद्यातलं सांगतो. समज, प्रत्येक माणसात एका कामाच्या दोन तारा असतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक तुटकी असली तरी दुसरीवर मोटार चालते. तुझी एक तुटकी आहे, वंदनाची एक तुटकी आहे. तुम्हाला कधी समजलंच नाही, कारण तुम्ही चालत होता. परीला दोघांकडूनही नेमकी तुटकीच मिळाली."

"म्हंजे दोनी गेल्या."

"दोन्ही. प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक वेळा असं होऊ शकतं."

ओट्यावरून अंजनाबाईंचा आवाज आला, "आन दोघायची तार एकाच जाग्यावर तुटकी कशी काय निंघाली बाप्पा?"

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि द्यायचं नव्हतं. वंदना अंजनाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्याकडं मामाची पोरगी करायची रीत आहे. सून परकी नको, घरातली हवी. दिनेश आणि वंदना दोघांचा एकच आजा, आणि तुटकी तार बहुधा त्या आजापासून दोन वाटांनी उतरून या खाटेवर एकत्र आलेली. वंदना सासूला अजूनही आत्याच म्हणायची.

म्हातारी तूर निवडता निवडता म्हणाली, "मीच केल्ती. भावाच्या दारात जाऊन मांगून आनली." आणि सुपातला एक खडा उचलून लांब फेकला.

निघताना वंदनानं विचारलं, "रिपोट कसा समजन काका?"

"सगळं ठीक असलं की डॉक्टरीणबाई स्वतः फोन करतात. लगेच."

"आन नसलं त?"

मी डब्याचा पट्टा आवळत बसलो. तो आधीच आवळलेला होता. "तुम्ही फोनची वाट पाहा," म्हटलं.

नळ्या मलकापूरहून कुरिअरनं गेल्या. लगेच लॅबमधल्या समुपदेशक मुलीचा फोन आला. तिचं काम घरच्यांना समजावून सांगण्याचं, पण ती बोलायची इतक्या हळू आवाजात, की मला पंखा बंद करावा लागायचा. ती म्हणाली, "काका, या आजारात आईच्या रक्तात, तुम्ही म्हणता ती तुटकी तार आईची स्वतःचीही असते. बाळानं ती घेतली की चांगली घेतली, हे ओळखायला खूण लागते. पहिल्या बाळानं दोघांकडून तुटकीच घेतली होती. म्हणून तिचा नमुना हवा. तिच्याशी जुळवून पाहता येतं."

"ती तर गेली."

"तिच्या वेळी रक्त तपासलं होतं ना?"

"तपासलं. पण त्या लॅबनं उरलेलं केव्हाच टाकून दिलं."

"तिचं काहीच नाही का? मुळासकट केस? दात?"

"दात यायच्या आत गेली."

"मग नाळ? काही घरांत वाळलेली नाळ जपून ठेवतात म्हणे."

मी फोन ठेवला. तीन तावीज माझ्या डोळ्यांपुढं आले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाळाच्या बेंबीवरचा नाळेचा तुकडा वाळून गळून पडतो. जुन्या बाया तो फेकत नाहीत. फडक्यात बांधून ठेवतात, नाही तर सोनाराकडून तांब्याचा तावीज करून त्यात घालतात. लेकरू आजारी पडलं की उगाळून चाटवतात. शहाणे हसतात, मीही हसायचो.

पुन्हा धामणगाव बढे. मी ओट्यावर बसून सगळं समजावलं. तो तुकडा लॅबला पाठवायचा, त्यावरून या बाळाचं समजेल. अंजनाबाईंचा हात गळ्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"हे दिनेशचा," तिनं एक तावीज चाचपला. "हे परीचा. आन हे येनाऱ्याचा." तिसरा तिनं आधीच करून घेतला होता. रिकामा, तोंड उघडं.

"मावशी, परीचा द्या."

ती उठून आत गेली. बराच वेळ आतच होती. बाहेर आली तेव्हा तळहातावर हिंगाच्या खड्यासारखं काही तरी होतं, काळं, वाळलेलं, वजन नसलेलं. मी ते स्वच्छ नळीत घातलं, वर परीचं नाव लिहिलं. वंदना दारात उभी राहून पाहत होती. तिला उठायला मनाई होती, पण तिला कोणी बोललं नाही.

यानंतर आम्ही सगळे थांबलो. दिनेश दुकानात बसून मोटारीत तार भरायचा तेव्हा फोन मांडीवर ठेवायचा, असं मला नंतर समजलं. एकदा कोणा कंपनीचा, कर्ज हवं का म्हणून विचारणारा फोन आला, तर त्याच्या हातून अर्धी भरलेली मोटार खाली पडली.

आणि मग त्या हळू आवाजाच्या मुलीचा फोन मला आला. त्या दिवशी पंखा बंद करावा लागला नाही.

"काका, तुम्ही कोणाची नाळ पाठवलीत?"

"परीची."

"ही मुलीची नाहीच. ही वडिलांची आहे. त्यांच्या रक्ताशी तंतोतंत जुळते. काका, आपल्याकडं वेळ नाही हो. बाळ वाढतंय. निकाल वाईट आला तर पुढची सुई, मग त्यांचा निर्णय, या सगळ्याला कायद्यानं मुदत आहे."

मी डबा बांधला आणि घाट असा उतरलो, की बिबट्या असता तर तोच बाजूला झाला असता. अंजनाबाई ओट्यावर होत्या. मी गाडीवरून उतरायच्या आतच विचारलं, "मावशी, नाळ कोणाची दिली?"

तिनं पापणी लवू दिली नाही. "दिनेशची."

"काऊन?"

"मशीनले काय समजते, मनलं."

"मशीनला समजलं ना! सगळं थांबलं तिकडं!"

दिनेश दुकानातून धावत आला. "माय! माही नाळ दिली तू? काऊन केलं असं?"

"तू जिता हाय बे!" म्हातारी एकदम त्याच्यावर ओरडली. "धडधाकट हाय, खाऊन-पिऊन हाय. तुह्यी नाळ गेली त काय जाते? त्या लेकराचं काय उरलं हाय घरात? झबले वाटून टाकले. जावळ नदीत सोडलं. एवढसं उरलं. ते बी मशीनीत घालून दळून टाकू?"

लोक म्हणतात मला कुठंही बोलायला सुचतं. तिथं मी गाडीच्या किल्लीशी खेळत उभा होतो.

वंदना भिंतीला धरून बाहेर आली. सासूच्या शेजारी ओट्यावर टेकली. पोट आता दिसत होतं. म्हणाली, "आत्या, तिले हातानं काई करता नाई आलं. खुळखुळा धरता नाई आला. एवढं एक काम तिले करू द्या."

म्हातारी तिच्याकडं पाहत राहिली. मग मान खाली घालून तिनं दोरा डोक्यावरून काढला. ताविजाचं टोपण निघेना. दिनेशनं दुकानातून पकड आणली. आतला तुकडा दिनेशच्या तुकड्याहूनही बारका होता.

"सारी नका नेऊ," ती मला म्हणाली. आणि नंतर, "दिनेशची उरली असन ते बी वापस आना."

मी स्टीलच्या ताटलीत नव्या पात्यानं परीच्या नाळेचे दोन भाग केले. लाखेसारखी कडक झाली होती. सहज कापली गेली नाही. अंजनाबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. पातं ताटलीला लागून आवाज झाला, तेव्हा त्यांचे खांदे हलले.

यावेळी डबा मी स्वतः मलकापूरला नेऊन दिला. कुरिअरवाल्याला मी सांगितलं की आत एका राजघराण्याचा खजिना आहे. त्यानं विश्वास ठेवला नाही, पण हळू ठेवला.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मला.

"काका, धामणगाव बढ्याला जाऊन या. उद्या दोघांना माझ्याकडं यायला सांगा."

"बाई, तुम्हीच करा ना फोन. तिथं फोनची वाट पाहून राह्यले आहेत."

"काका," त्या म्हणाल्या, आणि पुढं काहीच बोलल्या नाहीत.

निकाल सांगणं माझं काम नाही, आणि मला कोणी तो सांगितलाही नव्हता. पण एवढी वर्षं नळ्या वाहिल्यावर न सांगितलेलंही समजतं. त्या दिवशी घाट मी इतक्या हळू उतरलो की मागून येणारे ट्रकवाले शिव्या देत पुढं गेले. राजूरला चहा घेतला, तो गार होऊ दिला, आणि मग दुसरा घेतला.

माझ्या गाडीचा आवाज गल्लीत शिरला. वंदना ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं. फोन नाही आला, रक्तवाले काका आले. तिचा हात मेथीच्या जुडीवर तसाच थांबला. मी गाडी लावली. लावायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट लावला.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काका, आज घाटात बिबट्या होता का?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती.

"होता ना," मी म्हटलं.

"मागच्या बारीले त एकच होता."

"आज जोडी होती." मी ओट्यावर बसलो. अंजनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तो मला न देता धरूनच उभ्या राहिल्या. दिनेश दुकानातून आला, हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं. मी सांगू लागलो. बिबट्या कसा झाडावर, बिबटीण कशी कठड्यावर, मी कसा हॉर्न वाजवला आणि तिनं कशी मला हॉर्न बंद करायची खूण केली. हात हलवून, आवाज काढून सांगितलं. आयुष्यात इतकं रंगवून कधी सांगितलं नसेल. शेजारचं एक पोरगं येऊन ऐकत उभं राहिलं आणि हसायला लागलं. वंदना मेथीची काडी बोटात फिरवत ऐकत होती.

"आणि मग बिबटीण उठली, रस्ता ओलांडायला लागली, आणि तिच्यामागून तिचं पिल्लू..."

तिथं मी थांबलो. ते पिल्लू कुठून आलं मला समजलं नाही. आजवरच्या बिबट्यात ते कधी नव्हतं.

"मंग?" वंदना म्हणाली.

"मग काही नाही. उद्या बुलढाण्याला या. दोघंही."

तिनं जुडी उचलली आणि राहिलेली मेथी निवडायला घेतली. दिनेश मात्र दुकानात परत गेला आणि त्यानं शटर ओढून घेतलं, आतून.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. धोका जास्त. पोटाला सुई लागली. वंदना ज्या सुईला भ्याली होती तिच्या वेळी ती हललीसुद्धा नाही, असं बाई म्हणाल्या. पाण्याचा निकालही तोच आला. दोन्ही तारा तुटक्या. मुदत अजून शिल्लक होती. काय करायचं ते त्या दोघांनी एका खोलीत बसून ठरवलं, आणि त्या खोलीत मी नव्हतो, म्हणून त्याबद्दल मी लिहिणार नाही. वंदना दोन दिवस दवाखान्यात राहिली आणि रिकाम्या ओटीनं घरी आली.

लोक मला विचारतात, या तपासणीनं काय दिलं? पोटच्या लेकराला खोकता न येताना आणखी एकदा पाहणं वंदनाचं टळलं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. खरं आहे ते. मी दुसऱ्या घरांतून चांगले निकालही पाहिले, त्यांचे पेढे खाल्ले, त्या लेकरांच्या बारशाला गेलो, एका ठिकाणी तर नाव मीच सुचवलं. पण ही तपासणी म्हटली की मला ते पेढे आठवत नाहीत.

दिनेशच्या नाळेचा उरलेला तुकडा परत आणून द्यायचा होता. लॅबवाले परत देत नसतात. त्या हळू आवाजाच्या मुलीशी मी इतकी हुज्जत घातली की ती मोठ्यानं बोलायला शिकली. शेवटी तिनं तो एका छोट्या नळीत घालून पाठवला.

मी गेलो तेव्हा दुपार होती. वंदना ओट्यावर खांबाला टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. मला पाहून तिनं पाट सरकवला. बिबट्याचं विचारलं नाही. मीही काढलं नाही.

अंजनाबाईंनी नळी घेतली. उन्हात धरून पाहिली. पकडीनं पहिला तावीज उघडून दिनेशची नाळ त्यात घातली आणि तोंड दाबलं. दुसरा त्यांनी नुसता बोटानं चाचपला, त्यात परीची अर्धी होती. मग तिसरा तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला. अजून लखलखीत होता.

"आन याची?" तिनं विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतो आहे. पण ती वाट पाहत होती. नळीतून मी या लेकराचीही नाळ आणली असेल, असं तिला खरंच वाटलं होतं. लॅबवाले सगळंच नेतात, सगळंच तपासतात, मग तेवढं ठेवलं असेल.

"ती नाही मिळत, मावशी," मी म्हटलं. "इतक्या लवकर गेलं की नाही मिळत."

तिनं मान हलवली. तावीज उलटा करून तळहातावर ठोकला, आत काही नाही याची खात्री करावी तसा. मग त्याचं उघडं तोंड दातांखाली धरून चेपलं, पक्कं बंद केलं. नवा काळा दोरा ओवला आणि वंदनाच्या गळ्यात बांधला. वंदनाची मान खाली होती, तिनं केस बाजूला धरून दिले.

शेजारची एक बाई कुंपणावरून पाहत होती. मी हळूच म्हटलं, "मावशी, पण तो तर रिकामा आहे."

अंजनाबाईंनी गाठ आवळली. दोऱ्याचं राहिलेलं टोक दातानं तोडलं आणि म्हणाल्या, "असू दे. कोन उघडून पाह्यते?"